पहाड पडद्यावर आला तेव्हा

माझ्या बाबांना त्यांचे सोबती 'पहाड' म्हणायचे. घरसामान हलवणाऱ्या हमालांच्या टोळीत ते कामाला होते. लोखंडी कपाट असो, फ्रिज असो, एकदा तर अख्खा पियानो. कपाळाला पट्टा लावून ते पाठीवर घ्यायचे आणि जिना चढायला लागायचे. उंची एवढी, की कुठल्याही घरात शिरताना आधी मान झुकवावी लागे. तरुणपणी एका जिन्यात दोर तुटला आणि कपाटाचं दार त्यांच्या तोंडावर आलं. तेव्हापासून नाक एका बाजूला बसलेलं, डावी भुवई मधोमध चिरलेली, आणि ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत गेलेला एक व्रण. त्यात आवाज असा, की रिकाम्या पिंपात कुणी खडी ओततंय.

आणि स्वभाव? गरीब गाय. मला इंजेक्शन द्यायचं असलं की दवाखान्याच्या बाहेर जाऊन उभे राहायचे, आणि मी हसत बाहेर आले तरी यांचेच डोळे पाणावलेले. रस्त्यात लहान मुलं त्यांना बघून आईच्या मागे लपायची. बाबांना त्याचं फार वाईट वाटे. समोरून एखादं मूल येताना दिसलं, की तेच आधी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला जायचे.

आई एका शाळेत शिपाई होती. घंटा देणं, फळे पुसणं, रडणाऱ्या पोरांची नाकं पुसणं, सगळं तिच्याकडे. वर्गाच्या दाराशी स्टूल टाकून बसता बसता ती सगळ्या इयत्तांचे धडे ऐकून मोकळी झाली होती. बाबांचं वाचन मात्र बोट ठेवून, अक्षर अक्षर करत चालायचं. घरात कारभार आईचा, आणि बाबांना तो मान्य होता.

एके दिवशी टोळीला एक काम आलं. चौथा मजला, लिफ्ट बंद आणि वर पोचवायचं आरशाचं मोठं जुनं कपाट. बाबा कपाट पाठीवर घेऊन दाराशी पोचले, बेल वाजवली आणि वाट बघत उभे राहिले. एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. समोर चौकट भरून उभा असलेला, घामाने निथळणारा, व्रणवाला माणूस. बाईंच्या हातातलं भांडं खाली पडलं आणि त्यांनी जी किंकाळी फोडली, ती तळमजल्यावर टोळीच्या मुकादमांनाही ऐकू गेली.

"आजी, घाबरू नका हो," बाबा म्हणाले. "कपाट आणलंय."

त्या आवाजाने आजी आणखीनच घाबरल्या. आतून त्यांचा मुलगा धावत आला. चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने आईला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि मग दारात येऊन बाबांकडे बघतच राहिला. बाबा खाली मान घालून उभे. पाठीवर कपाट तसंच.

"एकदा बाहेर जाऊन परत आत येता का?" तो म्हणाला.

बाबा गेले आणि आले.

"अजून एकदा. जरा सावकाश."

तोवर मुकादम वर पोचले होते. ते कावले. "साहेब, कपाट आत घ्यायचंय की नुसतं फिरवून आणायचंय?"

"कपाट ठेवा हो कुठेही!" तो माणूस म्हणाला, आणि बाबांना विचारलं, "सिनेमात येता का?"

बाबांनी पट्टा सोडला, घाम पुसला आणि विचारलं, "सामान किती आहे? जिना अरुंद तर नाही ना?"

हा किस्सा मुकादमांनी पुढे इतक्या वेळा सांगितला, की मला तो माझ्या डोळ्यांदेखत घडल्यासारखा वाटतो.

तो माणूस दिग्दर्शक होता. एका म्हाताऱ्या घड्याळजीचं दुकान बळकवायला आलेल्या गुंडाची भूमिका त्याच्याकडे रिकामी होती. आलेला प्रत्येक नट डोळे वटारत होता आणि दात-ओठ खात होता, पण भीती कुणाचीच वाटत नव्हती. "माझ्या आईने आयुष्यात कुणाला भीक घातलेली नाही," तो आमच्या घरी येऊन आईला सांगत होता. "तुमच्या नवऱ्याला बघून ती किंचाळली. मला आणखी काय पाहिजे?"

"म्हणजे माझा नवरा भेसूर दिसतो, हे सांगायला तुम्ही एवढे जिने चढून आलात?" आई म्हणाली.

दिग्दर्शक गडबडला. बाबा हसायला लागले. ते हसले की तो व्रण ताणला जाऊन चेहरा आणखी भयानक दिसायचा. दिग्दर्शक त्यांच्याकडे असा बघत होता, जसं काही त्याला जमिनीत पुरलेला हंडा सापडलाय.

तो गेल्यावर आई म्हणाली, "हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे, असं नको व्हायला. जमणार आहे का तुम्हाला?"

"कुणास ठाऊक," बाबा म्हणाले. "पण एकदा बघावं वाटतंय गं. जन्मभर लोक हा चेहरा बघून तोंड फिरवतात. हा माणूस बघतच राहिला."

आईने त्यावर काही फाटे फोडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तिने तालमीच घ्यायला सुरुवात केली. शाळेतून आली की ती कागद हातात घ्यायची. बाबांचं वाक्य आधी ती वाचणार, मग बाबा म्हणणार. बाकी सगळी पात्रंही तीच. घड्याळजी ती, त्याची मुलगी ती, पोलीसही ती. मी खुर्चीवर बसून प्रेक्षक. एका संध्याकाळी बाबा ओट्याशी उभ्या आईला दरडावत होते, "म्हाताऱ्या, किल्ली दे, नाहीतर हे सगळं तुझ्यासकट बाहेर फेकीन!" आणि आई घड्याळजीच्या आवाजात कळवळत होती, "मारू नका हो, मारू नका!"

तेवढ्यात धाडकन दार उघडलं. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका हातात कापडाची कात्री घेऊन उभे, मागे निम्मी इमारत. "वहिनी, बाजूला व्हा!" काका ओरडले. माघार घ्यायला ते तयार नव्हते.

आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, म्हाताऱ्याचं म्हणणं झाल्यावर मुलीचं वाक्य आहे. थांबा जरा."

सगळा उलगडा होऊन चहा होईपर्यंत आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिंपीकाका मात्र शेवटपर्यंत बाबांपासून अंतर राखूनच बसले होते. ते गेल्यावर आई म्हणाली, "जमेल तुम्हाला."

पण प्रत्यक्ष चित्रीकरणात घोडं अडलं. घड्याळजीच्या भूमिकेत एक ज्येष्ठ नट होते, बाबांच्या वडिलांच्या वयाचे. बाबांनी त्यांची गचांडी धरून त्यांना भिंतीवर ढकलायचं होतं. बाबा पुढे जायचे, हात उचलायचे आणि तो हात आपोआप त्यांच्या शर्टाची कॉलर नीट करून परत यायचा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दिग्दर्शक उंच क्रेनवर बसून भोंग्यातून ओरडत होता. त्या दिवशी आई मला घेऊन बघायला गेली होती. ती माझ्या कानात पुटपुटली, "उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच."

शेवटी ज्येष्ठ नटांनीच बाबांना बाजूला घेतलं. "अहो पहाड, मला मारू नका. नुसतं मनात आणा, की मी आता इथून जाणार नाही. बाकी काही करू नका. मी आहे ना, घाबरायचं काम माझं आहे."

पुन्हा कॅमेरा सुरू झाला. बाबा दुकानात आले. ज्येष्ठ नट बोलायला गेले आणि त्यांना खरोखरचा ठसका लागला. खोकता खोकता त्यांचा चेहरा लाल झाला. बाबांना काही सुचेना. त्यांनी जवळची खुर्ची ओढली, तिच्यावर हळूच टेकले आणि आपल्या त्या खडीच्या आवाजात, अगदी मायेनं म्हणाले, "घाई नाही. मी बसतो."

खुर्ची करकरली. त्यापुढे कुणी हललं नाही. ज्येष्ठ नटांनी खोकला आवरत बाबांकडे जे बघितलं, ते बघून माझ्या अंगावर काटा आला. आणि ते माझेच बाबा होते. क्रेनवरून भोंगा खाली पडला. दिग्दर्शक क्रेन खाली टेकायच्या आतच चक्क उडी मारून उतरला आणि त्याने बाबांना मिठी मारायचा प्रयत्न केला. हात पुरले नाहीत.

"म्हणजे चुकलं नाही ना?" बाबांनी विचारलं. "त्यांना ठसका लागला, म्हणून म्हटलं, थांबू जरा."

सिनेमा लागला त्या दिवशी बाबांनी सगळ्या टोळीला बोलावलं होतं. धुतलेले शर्ट घालून, भांग पाडून सगळे थिएटरच्या दाराशी जमले, पण पास आमच्या घरापुरतेच. दारावरचा माणूस काही केल्या त्यांना आत सोडेना.

"मग मीही इथेच थांबतो," बाबा म्हणाले. "ओझं वाटून घ्यायची सवय आहे आम्हाला. हेही एकट्याने उचलायचं नाही."

आतून दिग्दर्शक शोधत आला. "पहाड, तुमची खुर्ची पहिल्या रांगेत आहे!"

"हे आत आले तर मी येतो."

शेवटी सगळ्यांना आत घेतलं. खुर्च्या नव्हत्या म्हणून टोळी भिंतीला टेकून उभी राहिली आणि बाबाही त्यांच्यासोबत उभे राहिले. पहिल्या रांगेत मी आणि आई आणि मध्ये एक रिकामी खुर्ची. आईला चैन पडेना. थोड्या वेळाने तीही उठून मला ओढत भिंतीशी गेली.

पडद्यावर नावं आली. बाबांनी सांगितलं होतं, की कागदावरचं नाव नको, सोबती हाक मारतात तेच लावा. मोठ्या अक्षरांत 'पहाड' झळकलं तेव्हा मुकादमांनी तोंडात बोटं घालून अशी शिट्टी मारली, की पुढच्या बाईंनी कान झाकले. मग ते दुकान आलं, तो ठसका आला, ती खुर्ची आली. "घाई नाही. मी बसतो." सगळं थिएटर गोठलं. आमच्या पुढच्या रांगेतल्या माणसाने बायकोचा हात घट्ट धरला. मी बाबांकडे बघितलं, तर त्यांनीही आईचा हात धरलेला. स्वतःलाच बघून घाबरले होते.

पुढच्या आठवड्यापासून आमचं जगच पालटलं. भिंतींवर नायकापेक्षा बाबांचा चेहरा मोठा. पानवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत जो तो तेच वाक्य म्हणायचा. आईच्या शाळेत मास्तरांनी पोराला बाकावर उभं राहायला सांगितलं, तर पोरगं म्हणे, "घाई नाही, मी बसतो." तक्रार आईकडेच आली. मी वर्गात शिरले की माझ्याशी भांडणाऱ्या मुली आपणहून जागा द्यायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. मी मुद्दाम सावकाश चालायचे.

एका खोलीचं आमचं घर दोन खोल्यांचं झालं. बाबांनी स्वतःच सामान हलवलं आणि टोळीला हात लावू दिला नाही. "आज तुम्ही पाहुणे," म्हणाले.

पण माझा खरा अभिमान पोस्टरांचा नाही. ते वाक्य तर ठसक्याने दिलेलं होतं, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. नशिबाने एकदा दार उघडलं, आता आत उभं राहायला शिकलं पाहिजे, असं ते म्हणायचे. ज्येष्ठ नटांच्या घरी ते सुट्टीच्या दिवशी जात. ते त्यांना वाचायला लावत, श्वास कुठे घ्यायचा ते शिकवत, नुसतं ऐकत कसं उभं राहायचं ते दाखवत. बोट ठेवून वाचणारे माझे बाबा हळूहळू बोट न ठेवता वाचायला लागले. दुसरा सिनेमा चालला. तिसऱ्यात ते तुरुंगाधिकारी होते. एक कैदी फाशीच्या आदल्या दिवशी गाणं म्हणतो आणि अधिकारी दाराबाहेर उभा राहून ऐकतो, असा प्रसंग. त्यात बाबांना एकही शब्द नव्हता. कॅमेरा गाणं संपेपर्यंत त्यांच्या तोंडावर. त्या दगडी चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही, फक्त शेवटी त्यांनी घोट गिळला. बस. ज्याची भीती वाटत होती, त्याचीच कीव आली. थिएटरमध्ये माणसं रडत होती.

ज्येष्ठ नट तो खेळ बघून सरळ आमच्या घरी आले. काठी टेकत जिने चढले आणि दारातच म्हणाले, "पहिल्या सिनेमात तुमचा चेहरा होता. आज तुम्ही होतात. आता तुम्ही नट झालात." बाबा त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ते म्हणाले, "वाकू नका, मला उठवता येणार नाही तुम्हाला."

शिगेला पोचलेलं सगळं उतरलं ते एका मुलाखतीमुळे. एका मासिकाच्या बाई आमच्याकडे आल्या. बाबा काही बोलेनात, नुसते हसत बसले. मग आईच बोलली. आईला बोलायला बसवलं की घंटा झाल्याशिवाय थांबत नाही. बाबा उंदराला घाबरून पलंगावर चढतात. इंजेक्शन लेकीला, रडणार हे. ते प्रसिद्ध वाक्य खरं तर ठसका लागलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या काळजीने म्हटलेलं. बाई खूश होऊन गेल्या. महिन्याने मासिक आलं. मुखपृष्ठावर बाबा, माझी वेणी घालताना.

लोकांनी ते डोक्यावर घेतलं. रस्त्यात मुलं बाबांना बघून लपेनाशी झाली. उलट धावत येऊन त्यांच्या दंडाला लोंबकळायची. बाबांना आकाश ठेंगणं झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना रस्ता ओलांडावा लागत नव्हता.

मग चौथा सिनेमा लागला. बाबा पडद्यावर आले, हातात सुरा, डोळ्यांत अंगार; आणि कुठूनतरी एक चिमुकला आवाज आला, "पहाडकाका!" सगळं थिएटर खदखदा हसलं. पुढे ते सुरा उगारत गेले आणि लोक हसत गेले. सिनेमा आठवड्याच्या आत उतरला.

दिग्दर्शक घरी आला. आडपडदा न ठेवता म्हणाला, "पहाड, चूक तुमची नाही. काम चांगलंच केलंत. पण लोकांना तुमचा लळा लागलाय. आता भीती कशी विकू मी?"

आई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. "माझीच जीभ," म्हणत होती. "माझ्या जिभेला काही हाड?"

बाबा तिच्याजवळ खाली बसले. "अगं, तू खोटं कुठे बोललीस? उंदराला घाबरतोच मी."

"चांगलं चाललेलं मोडलं माझ्यामुळे."

"मोडलं नाही. पोरं अंगावर चढतात आता. हे कुठल्या सिनेमाने दिलं असतं?"

त्यानंतर एक निर्माता आला. त्याला बाबा विनोदासाठी हवे होते. धिप्पाड माणूस उंदीर बघून टेबलावर चढतो, टेबल मोडतं, हा चिखलात पडतो, लोक हसतात. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, त्याला चहा दिला आणि नको म्हणून सांगितलं.

"अहो, हसवणं काही कमी नाही," तो म्हणाला.

"हसवणं मोठं काम आहे," बाबा म्हणाले. "तुम्ही मला हसवायला लावत नाही, लोकांना मला हसायला बोलावताय. त्यातला फरक मला आता कळतो. मेहनत करून शिकलोय तो."

पुढच्या सोमवारी त्यांनी ठेवून दिलेला पट्टा पुन्हा बाहेर काढला आणि टोळीत गेले. मुकादमांना अवघडल्यासारखं झालं. त्यांनी बाबांना हलकं सामान द्यायला सुरुवात केली, खुर्च्या, उशा, कुंड्या. बाबांनी कुंडी खाली ठेवली आणि सरळ फ्रिजच्या खालच्या टोकाला जाऊन उभे राहिले. खालच्या टोकाला सगळा भार येतो, तिथे टोळीतला सगळ्यात भरवशाचा माणूस लागतो.  टोळीने बाजूला सरून त्यांना जागा दिली.

घराघरांत लोक त्यांना ओळखायचे. कुणी आश्चर्याने, कुणी कीव करून विचारायचं, "तुम्ही ते... सिनेमातले?"

"हो, मीच तो," बाबा मान वर करून सांगायचे. "दार जरा पूर्ण उघडता का? फ्रिज आहे."

मी तेव्हा कॉलेजात होते. मला राहवलं नाही. विचारलं, "बाबा, लाज नाही वाटत?"

"कशाची? जिना चढलो की उतरावा लागतोच, बाळ. चढताना कुणी ढकललं नव्हतं आणि उतरतानाही पडलो नाही."

गुडघे थकेपर्यंत त्यांनी काम केलं. मग मुकादम झाले. आता घरीच असतात. तिसरा सिनेमा अधूनमधून कुठेतरी दाखवतात आणि अभिनय शिकणारी मुलं तो बघतात, असं कळलं होतं. त्यातलीच एक मुलगी गेल्या महिन्यात कॅमेरा घेऊन आमच्याकडे आली. बाबांना खिडकीजवळ बसवलं, उजेड नीट घेतला आणि विचारलं, "काका, एवढं नाव झाल्यावर सिनेमा का सोडलात?"

"मी सोडला नाही. तो संपला," बाबा म्हणाले. "जेवण संपतं तसा. पोट भरलं होतं."

"पोट कुठलं भरलं होतं?" आई आतून म्हणाली. "चांगले आठवडाभर रडत होतात."

"रडलो," बाबांनी लगेच कबूल केलं. "आवडतं काम होतं. का नाही रडणार?"

मुलीला हसू आवरेना. मग सावरून तिने शेवटचा प्रश्न विचारला. "मी असं म्हणणार आहे, की एक साधा हमाल नशिबाने पडद्यावर पोचला. चालेल ना?"

 बाबांची चिरलेली भुवई किंचित वर गेली आणि त्या मुलीने नकळत खुर्ची मागे सरकवली.

"हमाल म्हणून माझी आठवण ठेवायला माझे सोबती आहेत, आणि ते नीट ठेवतील," ते म्हणाले. "तू सिनेमा शिकतेस ना? मग तू नट म्हण."

आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि बाबांच्या मागे उभी राहिली. तिने सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

"चांगला नट," ती म्हणाली. "असं म्हण."